फ्रँकलिनच्या नावे आलेलं टपाल

(एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बेंजामिन फ्रँकलिन : पत्रं आणि विज्ञान’. विज्ञानावर मी येणार आहे. पण एकतीस वर्षं टपालखात्यात काढलेल्या माणसाच्या हाती फ्रँकलिन दिलात, तर तो आधी टपालाची थैलीच उघडणार. फ्रँकलिन स्वतःही आमच्याच खात्यातला. 1737 साली फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर, 1753 पासून इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींच्या टपालाचा संयुक्त प्रमुख. 1774 मध्ये सरकारनं त्याला काढून टाकलं आणि पुढच्याच वर्षी बंडखोर वसाहतींनी त्याला आपला पहिला पोस्टमास्तर जनरल केलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी भरकटलो तरी तुम्ही मला परत आणाल. थोर माणसाची ओळख करून घ्यायची तर आपण त्यानं लिहिलेली पत्रं वाचतो. अमुकांची पत्रं, तमुकांचा पत्रसंग्रह. माझं म्हणणं, त्याला आलेली पत्रं वाचा. लिहिताना माणूस सावध असतो, स्वतःला जरा नीटनेटकं करून बसतो. येणारं टपाल त्याच्या ताब्यात नसतं. कोण त्याच्याकडे काय मागतं, कोणाला त्याचा आधार वाटतो, कोण त्याला चक्क विचारतं की अहो, हे असं का होतं, हे सगळं त्या थैलीत असतं.

फ्रँकलिनची थैली फुगली ती फ्रान्समध्ये. 1776 च्या डिसेंबरात तो पॅरिसला पोचला, तेव्हा सत्तरी उलटलेली. अमेरिकेचं इंग्लंडशी युद्ध चालू, आणि फ्रान्सकडून पैसा, बंदुका, मैत्री मिळवायला त्याला पाठवलेलं. राहायला पॅरिसच्या कडेला पासी नावाच्या गावात, शोमाँ नावाच्या धनिकाच्या वाड्याच्या आवारात. साडेआठ वर्षं तिथेच. हाताशी कचेरी म्हणावी अशी नव्हतीच. नातू टेम्पल, वय सोळा-सतरा, तोच चिटणीस. आणि या दोघांवर अख्ख्या युरोपचं टपाल येऊन आदळायचं.

त्या काळी पाकीट क्वचितच असायचं. पाकिटाचा कागद म्हणजे आणखी एक ताव, आणि त्याचेही पैसे पडायचे. म्हणून एकच ताव घ्यायचा, लिहायचं, चहूकडून दुमडायचं, बाहेरच्या कोऱ्या चौकोनावर पत्ता आणि वरून लाखेची मोहोर. उघडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा निघून यायचा. जुन्या पत्रांत मोहोरेच्या जागी एखादा शब्द गायब असतो तो त्यामुळे. आणि टपालहशील बहुतेक वेळा भरायचा तो पत्र घेणाऱ्यानं. माझ्या वयाच्या लोकांना तिकिटाविना आलेलं ‘नॉटपेड’ पत्र आठवत असेल. पोस्टमन दारात उभा आणि घरातला माणूस पत्राकडे बघून विचार करतोय, सोडवून घ्यावं की परत पाठवावं. फ्रँकलिनच्या दारात हे रोजचंच.

आणि पत्रं कसली म्हणता? निम्मा युरोप अमेरिकेच्या सैन्यात अधिकारी व्हायला निघालेला. कुणाचा भाचा, कुणाच्या ओळखीचा कर्नल, सगळ्यांना शिफारसपत्र हवं. एका मित्राला त्यानं वैतागून कळवलंय की अंगणात गाडीचा आवाज आला की माझ्या छातीत धस्स होतं. जेवायला जायचीही भीती वाटते, कारण शँपेनचे एक-दोन पेले पोटात जाऊन मी जरा खुशीत आलो की शेजारचा गृहस्थ आपला माणूस पुढे करतो. शेवटी 1777 च्या एप्रिलात त्यानं शिफारसपत्राचा एक मसुदाच करून ठेवला, अनोळखी माणसासाठी. त्याचा आशय असा : हे पत्र घेऊन येणारे गृहस्थ अमेरिकेला निघालेत आणि माझ्याकडे शिफारस मागताहेत. मला त्यांची काही माहिती नाही, नावसुद्धा नाही. इथे असं नेहमी चालतं. कधी कधी एक अनोळखी माणूस दुसऱ्या तितक्याच अनोळखी माणसाला घेऊन येतो, आणि कधी दोघं एकमेकांची शिफारस करतात. यांच्या गुणांबद्दल यांनाच विचारा, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असणार!

(हशा)

हसलात ना? आता पुढचं ऐका. एका बेनेडिक्टाइन मठाच्या प्रमुखाचं पत्र आलं. जुगारात कर्ज झालंय, ते तुम्ही फेडा, मी अमेरिकेच्या विजयासाठी प्रार्थना करीन. फ्रँकलिननं त्या पत्रावर एका ओळीत तेवढंच टिपून ठेवलं आणि पत्र जपून ठेवलं. टिपून ठेवलं आणि जपून ठेवलं, या दोन गोष्टी ध्यानात असू द्या.

त्याच थैलीत दुसरीही पत्रं होती. इंग्रजांनी समुद्रावर पकडलेले अमेरिकी खलाशी पोर्ट्समथजवळच्या फॉर्टन आणि प्लिमथजवळच्या मिल या तुरुंगांत कोंडलेले. अंगावर कपडे नाहीत, पोटाला पुरत नाही. ते लिहायचे फ्रँकलिनला. तो त्यांच्यासाठी लंडनमधल्या डिग्ज नावाच्या माणसाकडे पैसे पाठवायचा. डिग्जनं त्यातले बहुतेक पैसे खाल्ले. हे कळल्यावर फ्रँकलिननं लिहिलं की असा माणूस नरकात जात नसेल, तर सैतानाला पोसण्यात काही अर्थ नाही. एरवी गोड लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे वाक्य आलंय, कारण कैद्यांची पत्रं त्यानं वाचली होती. नुसतं त्याचं वाक्य वाचलंत तर तुम्हाला राग दिसेल. ती पत्रं वाचलीत तर तो कशावरून आला ते दिसेल.

आणि आता माझी सगळ्यात आवडती पत्रलेखिका. त्याची धाकटी बहीण, जेन मीकम. साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या बापाची सतरा मुलं. बेंजामिन मुलग्यांत शेंडेफळ, जेन सगळ्यांतच. तो घर सोडून पळाला आणि जगाला माहीत झाला. तिचं पंधराव्या वर्षी लग्न झालं, बारा मुलं झाली, आणि त्यातली अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. लिहायला कोणी नीट शिकवलेलं नव्हतं. पण भावाला आयुष्यभर लिहीत राहिली. घराण्याचा एक खास साबण होता. त्याची कृती हिच्याकडे. फ्रान्सच्या दरबारात वावरणारा भाऊ मित्रांना भेट द्यायला हाच साबण तिच्याकडून मागवायचा!

तिला आपल्या शुद्धलेखनाची लाज वाटायची. 1786 साली त्यानं तिला उत्तर लिहिलंय. तू लिहितेस तसंच अनेकदा खरं शुद्ध असतं, असं म्हणून एक गोष्ट सांगितलीय. एका साहेबाला चिठ्ठी आली. ब्राऊन घरी नव्हता, तुमचा निरोप त्याच्या ‘वाय एफ’ला दिला. साहेबाला कळेना, मडमेला कळेना. शेवटी मोलकरणीला, बेटीला, बोलावलं. ती चकितच झाली. वाय एफ म्हणजे वायफ, दुसरं काय होणार?

मित्रहो, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमचं सॉर्टिंग आठवलं. रात्रपाळीला एक सहकारी असायचे, सातवी पास. ज्या पत्त्यापुढे आम्ही पदवीधर हात टेकायचो, तो ते ओठ हलवून एकदा पुटपुटायचे आणि कार्ड बरोबर खणात टाकायचे. एकदा पत्ता होता, ‘मुपो टीकेकरवाडी, शाळंच्या म्हागं, आईस’. नाव नाही, फक्त ‘आईस’. तो कागद परतीच्या टपालात जाणार होता. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, शाळेच्या मागं किती घरं असतील? जाऊ दे बटवड्याला. गेलं, आणि पोचलं. जेनच्या पत्रांना फ्रँकलिनसारखा वाचणारा होता. अशी पत्रं वाचायला कान लागतो.

आता माझं दुखणं सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक मुख्याध्यापक होते. शास्त्राचे. चाळीस वर्षं त्यांचे विद्यार्थी त्यांना पत्रं लिहीत होते आणि गुरुजी प्रत्येक पत्र ट्रंकेत ठेवत होते. ते गेल्यावर शाळेनं स्मरणिका काढायचं ठरवलं. विद्यार्थ्यांना आवाहन केलं, गुरुजींनी तुम्हाला लिहिलेली पत्रं पाठवा. पत्रं आली, छापली, स्मरणिका देखणी झाली. आणि गुरुजींना आलेली पत्रं, ती ट्रंक? शाळेच्या अडगळीच्या खोलीत होती. खोली रंगवायला काढली तेव्हा किलोवर रद्दीत गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. सायकल काढून रद्दीवाल्याकडे गेलो. माल आदल्या संध्याकाळीच ट्रकनं गेला होता. तागडीखाली एक पोस्टकार्ड अडकलं होतं, पंधरा पैशांचं. वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग. मजकूर एवढाच : ‘गुरुजी, आमच्या विहिरीचे पाणी थंडीत पहाटे कोमट लागते व उन्हाळ्यात गार लागते. असे का. घरी कोणाला सांगता येत नाही.’ खाली सही आहे, पण ओलीनं फुटलीय.

मी त्या माणसांवर चिडलो होतो आणि अजून चिडलेला आहे. त्यांनी गुरुजींचा अनादर केला असं नाही. आलेलं पत्र ही जपायची वस्तू आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि हे आपल्याला शोभत नाही, कारण आपला तर सगळा इतिहास आलेल्या पत्रांवर उभा आहे. नाना फडणिसांचं दफ्तर म्हणजे काय? ठिकठिकाणच्या दरबारांतल्या वकिलांनी, म्हणजे राजदूतांनी, धाडलेल्या बातम्या. 1777 साली, फ्रँकलिन पासीत पत्रं फोडत होता त्याच वर्षी, सेंत लुबँ नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नानांकडे येऊन बसला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. एकाच इंग्रज-फ्रेंच झगड्याची दोन टोकं, दोन्हीकडे कागदांचे ढीग. आपल्याकडचे ढीग रद्दीतून, वाळवीतून सोडवायला इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत फिरले. 1898 ला त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला.

फ्रँकलिनच्या कागदांचेही हालच झाले. 1776 मध्ये पासीला निघताना त्यानं एक पेटी गॅलोवे नावाच्या मित्राकडे ठेवली. मित्र इंग्रजांना सामील झाला, पेटी फोडली गेली, कागद विखुरले. टेम्पल आजोबांचे काही कागद लंडनला घेऊन गेला आणि ते पुढे एका शिंप्याच्या दुकानात फळीवर सापडले. शिंप्यानं त्यातून बाह्यांचे नमुने कापले होते असं सांगतात. 1882 मध्ये अमेरिकी सरकारनं तो गठ्ठा 35 हजार डॉलर देऊन विकत घेतला. फिलाडेल्फियाला राहिलेला ढीग एका स्नेह्याच्या घराण्याकडे बरीच वर्षं पडून होता, तो 1840 मध्ये फ्रँकलिननंच काढलेल्या विद्वत्सभेला मिळाला. येल विद्यापीठानं 1954 पासून सगळं, आलेलं आणि गेलेलं, एकत्र तारखेनिशी छापायला घेतलंय. चाळीसच्या वर खंड झालेत, अजून चालूच आहे. मठाधिपतीचा जुगार आणि जेनचा साबण राजांच्या पत्रांशेजारी बसलेत. असंच छापायला हवं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, विज्ञान.

फ्रँकलिनची वीज टपालानं आली. 1745 च्या सुमारास लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन यानं फिलाडेल्फियाच्या वाचनालयाला काचेची एक नळी पाठवली, घासून वीज काढायची, आणि सोबत ती वापरायची माहिती. 1747 च्या मार्चमध्ये फ्रँकलिन आभाराचं पत्र लिहितो की कुठल्याच अभ्यासानं मला आजवर इतकं गुंतवलं नव्हतं. पुढचे प्रयोग त्यानं कॉलिन्सनलाच पत्रांतून कळवले आणि 1751 मध्ये त्याच पत्रांचं पुस्तक झालं. ते फ्रेंचमध्ये गेलं, आणि 10 मे 1752 ला पॅरिसजवळ मार्ली गावात, त्याच्या सांगण्याप्रमाणे उभ्या केलेल्या लोखंडी कांबीतून ढगातली वीज उतरवली. तेव्हा तो तिथे नव्हताही.

दुसरं, टपालाची तक्रार. 1768 च्या आसपास बॉस्टनच्या जकातवाल्यांनी लंडनला गाऱ्हाणं केलं की टपालाची जहाजं फाल्मथहून न्यूयॉर्कला यायला व्यापारी जहाजांपेक्षा पंधरवडाभर जास्त का घेतात? तक्रार फिरत फिरत फ्रँकलिनकडे आली. त्यानं नँटकेटच्या आपल्या एका नातलगाला विचारलं, देवमाशांच्या शिकारीतला कप्तान, टिमथी फोल्जर. फोल्जर म्हणाला, समुद्रात एक जोरदार प्रवाह आहे, देवमासे त्याच्या कडेनं असतात म्हणून आम्हाला तो ठाऊक. टपालवाले त्याच्या मधोमध उलटे येतात. आम्ही सांगितलंही, पण साध्या कोळ्यांचं ते कशाला ऐकतील! फ्रँकलिननं त्याच्याकडून प्रवाह नकाशावर काढून घेतला आणि छापला. गल्फ स्ट्रीमचा तो पहिला छापील नकाशा. उशिरा येणाऱ्या टपालाच्या तक्रारीला इतकं चांगलं उत्तर आमच्या खात्यात तरी मी पाहिलं नाही.

तिसरं भराभर. 1783 च्या ऑक्टोबरात आरासच्या एका पंचवीस वर्षांच्या वकिलानं पासीला पत्र धाडलं. सेंतोमेर गावात एका गृहस्थानं घरावर वीजवाहक, म्हणजे ढगातली वीज जमिनीत उतरवणारी कांब, बसवला, शेजारी घाबरले, खटला झाला. या वकिलानं वीजवाहकाची बाजू मांडून तो जिंकला आणि आपलं छापील भाषण फ्रँकलिनला भेट पाठवलं. सही, द रोबेस्पिएर. पुढे दहा वर्षांनी, राज्यक्रांतीत, फ्रान्स त्या नावानं थरथरणार होता. त्या दिवशी तो विज्ञानाच्या बाजूनं उभा राहिलेला, आपलं कौतुक व्हावं म्हणून आसुसलेला तरुण होता.

शेवटचं, आणि घंटा वाजली तरी हे सांगणारच. लंडनमध्ये फ्रँकलिन ज्या बाईंकडे भाड्यानं राहायचा त्यांची मुलगी पॉली स्टीव्हन्सन. 1760 साली, एकवीस वर्षांची. ब्रिस्टलहून तिनं विचारलं, इथलं पाणी झऱ्यात थंड असतं, पण पंपानं काढताना कोमट होतं, असं का? त्यानं उत्तर दिलं, आधी खरंच तसं होतं का ते मला सविस्तर कळव, तोवर मी बोलत नाही. माझ्या मते त्या कामानं पाण्यापेक्षा पंप मारणाराच जास्त तापत असावा. आणि मग तिच्या नद्यांच्या भरतीबद्दलच्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली. ही पॉली 1786 मध्ये मुलांना घेऊन समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला आली आणि 1790 च्या एप्रिलात तो गेला तेव्हा त्याच्या उशाशी होती.

ते पोस्टकार्ड मी आज आणलंय. पत्त्याच्या बाजूला डावीकडे, गुरुजींच्या बारीक अक्षरात, शिसपेन्सिलीनं एक ओळ आहे : ‘उत्तर दिले. पाणी बहुधा तेवढेच, हवा बदलते. तरी शाळेतला थर्मामीटर नेऊन पहाटे व दुपारी मोजून कळव, असे लिहिले.’ पेन्सिल पुसट झालीय, उजेडात जरा तिरकं धरावं लागतं. ज्यांना पाहायचंय त्यांनी इथे टेबलापाशी या.