गॉझ : चाळीस वर्षे आणि सहा अल्बम

मित्रहो, जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाला आपण गॉझ म्हणतो. 1981 च्या सुमारास टोकियोतल्या काही तरुणांनी हेच नाव आपल्या हार्डकोर पंक, म्हणजे अतिशय वेगवान आणि आक्रमक रॉक वाजवणाऱ्या, बँडला दिले, आणि पुढे स्वतः भरवलेल्या कार्यक्रमांच्या मालिकेला ‘शोदोकु गिग’ म्हटले. ‘शोदोकु’ म्हणजे निर्जंतुकीकरण. ही मालिका काही दशके चालली आणि तिचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. गॉझच्या प्रभावाचा विचार करताना मी त्यांच्या तबकड्यांइतकेच महत्त्व या मालिकेला देतो, कारण कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय मंच उभा करता येतो आणि तो टिकवताही येतो, हे जपानमधल्या पुढच्या बँडांना त्यातूनच दिसले.

त्यांचा पहिला अल्बम 1985 मध्ये एडीके या छोट्या कंपनीने काढला आणि दुसरा, ‘इक्वलायझिंग डिस्टॉर्ट’, 1986 मध्ये आला. इंग्लंडच्या डिस्चार्ज या बँडने घालून दिलेली वेगवान, एकसुरी चाल त्या काळी जपानमध्ये अनेकांनी उचलली होती. गॉझनेही तिथूनच सुरुवात केली, पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांचे गाणे अनेकदा दीड-दोन मिनिटांच्या आत संपते. मात्र तेवढ्या वेळातही हिको यांचे ड्रम सरळ धावत नाहीत, ते अडखळल्यासारखे थबकतात आणि पुन्हा झेप घेतात, त्यामुळे केवळ वेगाच्या जोरावर वाजवणाऱ्यांपेक्षा हा बँड लगेच वेगळा ओळखू येतो. माझ्या मते त्यांची खरी कमाई हीच आहे.

त्यांची शीर्षकेही ऐकण्यासारखी आहेत. 1997 च्या अल्बमचे नाव ‘तोंड धुऊन पुन्हा ये’ अशा अर्थाचे आहे. 2007 च्या अल्बमच्या नावात बसल्या जागी पाय हलवत राहण्याच्या सवयीची लय आहे. या सवयीला जपानी भाषेत ‘बिंबोयुसुरी’ म्हणतात, आणि त्या शब्दात दारिद्र्य दडलेले आहे. पाय हलवणाऱ्या मुलाला आपल्याकडची वडीलधारी माणसेही टोकतात, म्हणून हे शीर्षक मला परके वाटत नाही. शेवटच्या, 2021 च्या अल्बमच्या नावात डोळ्यातल्या घाणीने नाकातल्या घाणीला हसावे असा वाक्प्रचार आहे. ‘चाळणी म्हणे सुईला, तुझ्या नाकाला भोक’ असे आपण म्हणतो, तसाच तो आहे.

चाळीस वर्षांत अल्बम इतके थोडे निघाले, तरी त्यांचे नाव समुद्रापार गेले. टोरोंटोच्या एका विद्यापीठीय नभोवाणी केंद्रावर हार्डकोर संगीताचा जो साप्ताहिक कार्यक्रम चालत आला, त्याचे नाव ‘इक्वलायझिंग डिस्टॉर्ट’ असेच होते. 2022 मध्ये बँड विसर्जित झाला. त्याच्या आदल्याच वर्षी निघालेल्या शेवटच्या अल्बमातही गाणी पूर्वीसारखीच आखूड होती.