कुळथाची पिठी आणि आयते रीडिंग

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पदवी स्तरावरील जीवरसायनशास्त्र : प्रकल्पाधारित प्रयोगशाळा’ असं काहीतरी भारदस्त छापलंय. तिकडे वळतोच. आधी जर्नलबद्दल, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल, बोलू द्या. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी जर्नलं तपासली आहेत आणि उरलेल्यांनी उतरवली आहेत.

लाळेतल्या अमायलेजचं, म्हणजे स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमचं, प्रॅक्टिकल घ्या. स्टार्चमध्ये लाळ, मग डीएनएसए हे साखरेला रंग देणारं रसायन, उकळणं, कलरिमीटरवर 540 नॅनोमीटरला रीडिंग. मुलं काय करतात? सीनियरचं जर्नल मिळवतात, आलेख आधी काढतात आणि त्यावरून रीडिंग पाडतात. अख्ख्या बॅचची लाळ वेगवेगळी, केएम, म्हणजे एन्झाइमचा निम्मा वेग गाठायला लागणारं स्टार्चचं प्रमाण, मात्र एकच, तेही दशांशापर्यंत! परीक्षक म्हणतात, ‘वा, रीडिंग छान आलंय.’ येणारच! 1913 साली बर्लिनमध्ये एन्झाइमच्या वेगाचं समीकरण मांडणाऱ्या मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनाही इतका गुळगुळीत वक्र मिळाला नसेल. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही हेच चालतं.

तर कुळथाची गोष्ट. कुळथात युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर. ते युरिया फोडून अमोनिया सोडतं, पीएच चढतो आणि फिनॉल रेडचा पिवळा रंग गुलाबी होतो. बफर मात्र बेताचंच घालायचं, नाहीतर तेच पीएच धरून बसतं आणि रंग पालटत नाही. स्वस्त काम. कुळीथ घरून आणा, असं मुलांना सांगितलं होतं. कोकणातल्या एका मुलीनं आणली पिठी. आई पाठवते ती, डब्यातली. सगळ्यांच्या नळ्या गुलाबी, हिची पिवळीच.

जर्नलवाली पद्धत असती तर तिनं शेजारणीचं रीडिंग उतरवून घेतलं असतं. पण इथे उतरवायला आयतं उत्तरच नव्हतं, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं. गटात वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, पिठी जुनी आहे. दुसरा म्हणाला, पिठीत काहीतरी रोधक असेल. मग तीच म्हणाली, ‘सर, पिठीच्या अर्कात थोडा कच्च्या कुळथाचा अर्क घालून बघू का? गुलाबी झालं तर रोधक नाही, एन्झाइमच मेलंय.’ एन्झाइमॉलॉजीच्या पुस्तकातून हे मी कितीदा शिकवलंय, पण वर्गात कुणी आपणहून म्हटलेलं ऐकलं नव्हतं. नळी गुलाबी झाली. आईला फोन गेला. उत्तर आलं, ‘अगं, पिठी करताना कुळीथ भाजतात, एवढंही माहीत नाही?’

पुढे सगळं सेमिस्टर त्या प्रश्नावर गेलं. किती भाजलं की युरिएज जातं? मोड आले की वाढतं का? सोयापेंडीच्या कारखान्यात हीच युरिएजची तपासणी करतात, पेंड पुरेशी तापली की नाही ते कळायला. कच्च्या सोयातले ट्रिप्सिन-रोधक जनावरांना बाधतात ना, म्हणून. सोयाबीनच्या पट्ट्यातल्या कॉलेजांनो, प्रकल्प तुमच्या दारात पडलाय. आणि हो, जेम्स समनर यांनी 1926 मध्ये युरिएजचेच स्फटिक मिळवले, आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनमधून. त्यामागे नऊ वर्षं होती. एकच हात होता त्या माणसाला. एन्झाइम प्रथिन असतं हे लोकांना पटायला आणखी काही वर्षं गेली, नोबेल मिळालं 1946 साली. आपण मुलांना तीन तास देतो आणि वर ‘एक्स्पेक्टेड व्हॅल्यू’ही सांगतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, पद्धत पटकन सांगतो.

पहिले काही आठवडे एकच एन्झाइम धरा. अर्क काढणं, ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीनं प्रथिन मोजणं, त्यासाठीचा स्टँडर्ड कर्व्ह, पिपेट नीट धरणं, एवढंच. मग चौघांचा गट आणि गटाचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर मास्तरांकडे नाही. प्रश्न लहान हवा. ‘कर्करोगावर औषध’ असं लिहून आणलं की परत पाठवा. प्रत्येक प्रयोगाला ब्लँक, म्हणजे एन्झाइमशिवायची नळी, आणि उकळलेल्या अर्काचा कंट्रोल असलाच पाहिजे. वही तारखेसह, शाईनं, खाडाखोड दिसेल अशी. गुण प्रश्नाला, कंट्रोलला आणि वहीला द्या, निकालाला नाही. निकालाला दिलेत की रीडिंग पाडणं परत सुरू.

साठ मुलं आणि एक लॅब असिस्टंट, हे कसं जमायचं, असं तुम्ही विचारणार. सगळ्या गटांना एकच एन्झाइम द्या, म्हणजे बफर आणि अभिकर्मकं एकदाच बनतात. बदलतो फक्त प्रश्न. विद्यापीठाचं जर्नल ठरलेलं, त्यात संशोधन कुठे बसवायचं, असंही म्हणाल. 2020 च्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला संशोधनाची सोय आहे. पण तोवर मुलगा रीडिंग पाडण्यात तरबेज झालेला असतो, म्हणून सुरुवात दुसऱ्या वर्षापासूनच करा. आणि अमोनिया मोजायला नेस्लरचं अभिकर्मक वापरू नका, त्यात पारा असतो, तो बेसिनमध्ये जातो. फिनॉल रेड पुरतं.