वेग कमी केला, तरी फेरी लवकर कशी संपली?

नमस्कार मंडळी! चंद्र म्हटलं की आपल्याला कोजागरीचा आठवतो. आजचा चंद्र मात्र क्रिकेटच्या मोठ्या मैदानाएवढाच आहे. रुंदी साधारण १५० मीटर, नाव डायमॉर्फस. हा ग्रहाभोवती नाही, डिडिमॉस नावाच्या लघुग्रहाभोवती फिरतो. एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागायची.

'लागायची' म्हणतोय, कारण आपण त्याला ठोकलंय. चक्क ठरवून, धक्क्यानं त्याची फेरी बदलते का ते बघायला!

२७ सप्टेंबर २०२२, आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच. नासाचं डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगानं त्याच्यावर आदळलं. आता याचे फोटो काढणार कोण? यानाचा तर चुरा झाला. म्हणून पंधरा दिवस आधीच डार्टनं इटलीचं लिचियाक्यूब हे पिल्लू सोडलं होतं. वजन १४ किलो, म्हणजे घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरतात तेवढं. टकरीनंतर तीनेक मिनिटांनी ते बाजूनं गेलं आणि उडालेल्या धुरळ्याचे फोटो त्यानं पाठवले.

बरं, धक्का किती बसला हे कळलं कसं? पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून ही जोडी एकच ठिपका दिसते. पण छोटा मोठ्याच्या पुढून किंवा मागून गेला की ठिपक्याचा उजेड जरासा मंदावतो. ते मंदावणं घड्याळ लावून मोजायचं. नवी फेरी निघाली ११ तास २३ मिनिटांची. ३२ मिनिटं कमी! नासाच्या लेखी ७३ सेकंदांचा फरकही यश ठरला असता.

आता गंमत बघा. यान समोरून आदळलं, म्हणजे चंद्राचा वेग कमी झाला. मग फेरी लवकर कशी? वेग घटला की तो डिडिमॉसकडे थोडा ओढला जातो, कक्षा लहान होते, आणि आतल्या कक्षेत फेरी लवकर पुरी होते. मला स्वतःला हे पटायला कागद-पेन्सिल घ्यावी लागली होती.

आणि एवढा जोर आला कुठून? डायमॉर्फस हा अखंड कातळ नाही, खडी-दगडांचा सैल ढीग असावा. टकरीत त्यातला माल मागे उडाला. दिवाळीतल्या रॉकेटची आग खाली जाते आणि रॉकेट वर, तसंच. यानाच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षा या उडालेल्या मालानंच जास्त ढकललं.

तिथे खड्डा पडला, की सगळा चंद्रच चेपला? ते बघायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय. त्याच्याही पोटात दोन पिल्लं आहेत. त्यातलं युव्हेंटास रडार लावून या ढिगाच्या आत डोकावणार आहे.