हिरवा दिवा कोणाची साक्ष देतो?

(लोटे परिसरातल्या इन्स्ट्रुमेंट आणि मेंटेनन्सच्या मंडळींसमोर चिपळुणात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. फॉल्टला गेलेलं सेफ्टी पीएलसीचं (म्हणजे धोका दिसताच यंत्र थांबवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड पुन्हा सेवेत कसं घ्यायचं, हा आजचा विषय. पद्धत सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

जुलै महिना. कोकणातला जुलै तुम्हाला मी काय सांगावा! पॅनल रूमचा एसी दोन दिवस बंद, म्हणून कुणीतरी दार उघडं ठेवलेलं. खाडीवरची खारी, दमट हवा सरळ आत. रात्री अडीचला एक इनपुट कार्ड (टाकीवरच्या स्विचचा सिग्नल पीएलसीला देणारं) फॉल्टला गेलं आणि सॉल्व्हंटच्या टाकीचा भरणा पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप थांबला. अगदी योग्य झालं. कार्ड आंधळं झालं की पंप थांबलाच पाहिजे. पण बॅच अडलेली. रिसेट मारला, लाल दिवा गेला, दहा मिनिटांत परत आला. असं चार वेळा. (हसलात! म्हणजे चार वेळा रिसेट मारणारे इथेही आहेत.) शेवटी टाकी भरली की सांगणाऱ्या हाय लेव्हल स्विचच्या इनपुटला फोर्स लावला, म्हणजे खरा सिग्नल बाजूला सारून 'ठीक' असं हातानं भरलं. आता टाकी भरो न भरो, पीएलसीला पातळी ठीकच दिसणार. पंप चालू.

सकाळी मी कार्ड उपसलं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड. तांब्याच्या घागरीवर कळंक धरतो ना, तशी. कनेक्टर साफ केला, नवं कार्ड बसवलं, हिरवा दिवा लागला. लॉगबुकात 'कार्ड बदलले, नॉर्मल' असं लिहिलं. सही माझी.

दुपारी आमचे एक जुने टेक्निशियन म्हणाले, "साहेब, फ्लोट उचलून बघूया एकदा." मी म्हटलं, अहो काका, कार्ड कोरं आहे. ते ऐकेनात. टाकीवर चढले, तपासणीचा दांडा धरून फ्लोट, म्हणजे त्या स्विचचा तरंगता गोळा, वर उचलला. तो वर गेला की पंप थांबायला हवा. मी खाली पंपाजवळ उभा. पंप चालूच! त्यांनी वरून हात केला, "उचललाय!" आणि पंप आपला गुणगुणतोय. रात्रीचा फोर्स कुणी काढलाच नव्हता. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही.

हिरवा दिवा एवढंच सांगतो की 'मी, हे कार्ड, आतून ठीक आहे'. कार्ड स्वतःची तपासणी करतं, टाकीवरच्या फ्लोटची नाही, पंपाची वीज तोडणाऱ्या काँटॅक्टरची तर नाहीच. 11 डिसेंबर 2005 ला इंग्लंडमध्ये बन्सफिल्डच्या इंधन साठ्यावर पेट्रोलची टाकी ओसंडून भीषण स्फोट झाला. पातळी दाखवणारा गेज अडकलेला होता. शेवटचा आधार म्हणून वेगळा स्विच होता, पण त्याचा तपासणीचा दांडा कामाच्या जागी धरून ठेवणारं कुलूपच लावलेलं नव्हतं. एक कुलूप!

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नंतर होडी पाण्यात ढकलली की हर्णैचा तांडेल रंग बघत बसत नाही. आधी तळात वाकून पाणी शिरतंय का ते बघतो. आपण मात्र दिव्याचा रंग बघतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पद्धत भराभर सांगतो.

फॉल्टचा कोड आणि वेळ टिपल्याशिवाय रिसेट नाही. एक रिसेट, फॉल्ट परत आला तर कार्ड बाहेर, आणि पुसून पुन्हा बसवायचं नाही. नवं कार्ड त्याच प्रकारचं, त्याच फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरच्या त्याच आवृत्तीचं), पत्ता तपासून. प्रोग्रामची चेकसम (प्रोग्राम बदलला की बदलणारा पडताळणीचा आकडा) मंजूर प्रतीशी जुळवा. फोर्स आणि बायपासची (सेफ्टीला दिलेल्या बगलांची) यादी पडद्यावर उघडा, ती रिकामी दिसली पाहिजे. ज्याने फोर्स लावला त्याचं नाव, मुदत आणि काढल्याची सही एकाच ओळीत हवी. रिसेटने यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, स्टार्टचं बटण वेगळं दाबावं लागलं पाहिजे. मग फ्लोटपासून पंपापर्यंत प्रत्यक्ष चाचणी. पंप थांबलेला डोळ्यांनी बघा. तीनपैकी दोन सेन्सरांनी सांगितलं की थांबायचं, अशी मतमोजणी असेल तर एक सेन्सर बाद असताना किती तास चालवायचं हे आधीच लिहून ठेवा, रात्री अडीचला ठरवू नका.

आणि कंट्रोलरच्या मोड स्विचची किल्ली. 2017 साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात हल्लेखोरांनी सेफ्टी कंट्रोलरमध्ये घातक प्रोग्राम घुसवला. त्यांना ते जमलं, कारण किल्ली 'प्रोग्राम'वर, म्हणजे प्रोग्राम बदलू देणाऱ्या स्थितीवर, राहिली होती. आज पॅनल रूममध्ये गेलात की किल्ली 'रन'वर फिरवा, काढा आणि शिफ्ट इन्चार्जच्या हातात द्या.