ओपन, क्लोज आणि मोबाईल

लालबाग, परळ, डिलाईल रोड. १९६०च्या दशकात गिरणीत पगार झाला की त्यातला काही भाग जुगाराच्या आकड्यावर लागायचा. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर, पुढे मटक्यातल्या चिठ्ठ्यांवर, मग पत्त्यांवर. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक तो ओपन. रात्री तसाच क्लोज.

यावर पोलिसांकडे १८८७चा जुगारबंदीचा कायदा होता. धाड, दंड, कोठडी. आकडा लावणाराही आरोपीच. घरातलं मंगळसूत्र गहाण पडलं, वाण्याची उधारी थकली, तरी बायकोने बोलायचं कुणापाशी?

आता अड्डा मोबाईलवर उघडतो, चालत्या लोकलमध्येही. मटक्याला निदान निकालाची वेळ होती. ॲपवर पुढचा डाव काही सेकंदांत. हरलेले पैसे आत्ताच वसूल करू, असं वाटायला लावणारा हा वेग फार घातक आहे. आणि तो कुणीतरी ठरवून बांधलेला आहे.

म्हणून नुसतं ‘मन आवर’ सांगून भागत नाही. डेंग्यूची साथ आली की पालिकेची माणसं रुग्णाला बोल लावत नाहीत, गच्चीवरची पिंपं आणि टायर तपासतात. नॉर्वेने २००७ मध्ये खासगी स्लॉट मशीन, म्हणजे पैसे टाकून जुगार खेळायची यंत्रं, बंद केली. तिथे जुगार घटला, मदतवाहिनीवरचे फोनही घटले.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हा बदल फार मोलाचा आहे. पण परदेशी साइट आणि क्रिकेटचा सट्टा बंदीने संपत नाही. दवाखाना हवाच.

जुगार आवरेनासा होणं याला जागतिक आरोग्य संघटना व्यसनांच्या गटातला आजार मानते. प्राथमिक तपासणीचे प्रश्न दोनच. किती पैसे लावले, हे जवळच्या माणसांपासून लपवावं लागलं का? दर वेळी आणखी मोठी रक्कम लावावीशी वाटली का? एकालाही ‘हो’ आलं, तर सविस्तर विचारपूस करायची. झोप नाही, छातीत धडधडतं म्हणून वस्तीतल्या दवाखान्यात आलेल्या माणसाला तंबाखूचं विचारतात, तेव्हाच हेही विचारायला हवं.

केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. फोन आईने, बायकोने, भावाने केला तरी चालतो. कर्ज किती झालंय, हे सांगायची लाज वाटेल. तरी आधी तेच सांगा. जीव द्यायचे विचार त्याच्याआड दडलेले असू शकतात.