पुन्हा धावायला लागताना

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत, कॉलेजात धावलेली माणसं आपल्यात खूप आहेत. पुढे नोकरी, संसार, लोकलची दगदग, आणि धावणं सुटतं ते सुटतंच. अशांपैकी कुणी पुन्हा सुरुवात करावी, यासाठी आजचं हे बोलणं. आणि हा विषय निघाला की मला आमच्या वन्संच आठवतात.

वन्सं दादरला, रानडे रोडला राहतात. कॉलेजात आठशे मीटर धावायच्या. मग फोर्टात नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी. पन्नाशीला टेकल्या तेव्हा अशी अवस्था, की संध्याकाळी घरात शिरल्या की पर्स मांडीवर घेऊन तशाच बसून राहायच्या. झोप उडालेली. दूध उतू गेलं तरी घर डोक्यावर घ्यायच्या. रक्त तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. एका सकाळी उठून त्या शिवाजी पार्कला गेल्या. कट्ट्याच्या कडेने एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. सासूबाईंना पटेना. "या वयात पँट घालून पळायचं? लोक काय म्हणतील?" रोज हेच. वन्संनी वाद घातला नाही, जात राहिल्या.

पावसाळा लागला. एका पहाटे धो धो कोसळत होता. वन्संनी गजर बंद केला, पांघरूण ओढलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात दिवा लागला. सासूबाई काठी टेकत आल्या. "अगं ऊठ, उघडलाय पाऊस. जाऊन ये. चहाचं आधण मी ठेवते." वन्सं बघतच राहिल्या. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू धावून आलीस की माझ्यापाशी बसून दोन शब्द बोलतेस. नाही गेलीस की नुसती भांडी वाजतात." वन्सं हे सांगतात तेव्हा दर वेळी मला भरून येतं. रिपोर्टात जे दिसलं नव्हतं, ते त्या माउलीने घरात बसून ओळखलं.

असं का होतं? धावताना शरीरात एंडॉर्फिन आणि एंडोकॅनाबिनॉइड ही द्रव्यं वाढतात, मन हलकं व्हायला त्यांची मदत होते. नेमाने धावलं की रात्रीची झोप सुधारते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणून जिना चढतानाही दम कमी लागतो.

पण एक जपा. काही आठवड्यांत दमसास वाढतो, सांधे आणि स्नायुबंध मात्र मागे राहतात, त्यांना महिने लागतात. म्हणून बरं वाटतंय म्हणून एकदम अंतर वाढवू नका. बोलता येईल इतकंच धावा. पुन्हा सांगते, शेजारच्याशी सबंध वाक्य बोलता येईल इतकंच धावा. जुना वेग डोक्यातून काढून टाका.

आणि जाता जाता सांगते, शाळांनी पीटीचा तास गणिताला देणं बंद करावं. मैदान सुटायला तिथूनच सुरुवात होते. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या. मोकळ्या मैदानावर धावू दिलेल्या मुलींमधूनच अशा मुली पुढे येतात.

आपल्या मुंबईची हवा दमट. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. तेव्हा उजाडायच्या आत निघा, पाणी पिऊन निघा. आठवड्याला तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विश्रांती. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. बीपी, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच बूट बांधा. आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनचा विचार यंदा नको. आधी मरीन ड्राइव्हवर न थांबता वीस मिनिटं, बोलता बोलता.

नमस्कार.