म्हशीचं दूध कोण काढणार?

(तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख ‘कॅन्सरग्रस्तांना धीर देणाऱ्या’ अशी करून दिली. त्यांचा मान राखून सांगते, धीर देण्यात मला फारशी गती नाही. मी निवृत्त शिक्षिका. कॅन्सर तपासणीची गाडी गावोगाव फिरते, तिच्याबरोबर जाते. नावं लिहून घेते, खिडक्यांना चादरी बांधते, नंतर फोन करते, कागद गोळा करते. पुढच्या दौऱ्यासाठी नाव दिलेली पोरं-पोरी आज समोर बसली आहेत, म्हणून त्यांच्याशीच बोलते. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

आमच्या दौऱ्यात तीन कॅन्सर तपासतात: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. हे तीनच का, तर डोळ्यांना आणि हातांना ते सापडू शकतात, मोठ्या यंत्रावाचून. तोंडासाठी बॅटरी पुरते. आधी तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायला सांगतात, कारण तोंड उघडणं कमी होणं ही धोक्याची खूण. गुटखा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या पोरांची दोनसुद्धा जात नाहीत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी टपरीवर मिळते, यावर मी अधिक बोलत नाही. बायकांची मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, मात्र लक्षात ठेवा. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की त्या ‘नाही’ म्हणतात आणि ते खोटं नसतं, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. तेव्हा ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा’ असं थेट विचारायचं.

स्तनाची तपासणी प्रशिक्षित बाईचे हात करतात. डॉक्टरच पाहिजे असं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा मोठा अभ्यास केला, त्यात तपासणाऱ्या अशाच प्रशिक्षित आरोग्यसेविका होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा हिशोब एकत्र केला तर फरक इतका ठळक राहत नाही, हेही सांगायला हवं.

तिसऱ्या तपासणीला सौम्य ॲसेटिक ॲसिड लागतं, म्हणजे व्हिनेगरच. ते गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेली जागा पांढरी दिसते. एक मिनिट! पण त्या मिनिटासाठी बाईला टेबलावर झोपावं लागतं, आणि गावाने आपल्याला दिलेली जागा असते शाळेचा वर्ग. दाराला कडी नाही, खिडकीची तावदानं फुटलेली, बाहेर मधली सुट्टी. म्हणून स्वयंसेवकांचं पहिलं काम चादरी, सुतळी आणि खिळे. नगण्य वाटतं ना? ज्या गावात आडोसा नीट नव्हता, तिथल्या पहिल्या दोन बायका बाहेर येऊन काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण रांग पांगली.

रांगेत बसलेल्या बायका हळूच एक प्रश्न विचारतात, ‘पिशवी काढावी लागंल का?’ हा प्रश्न कुठून येतो ते समजून घ्या. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातंय, पाठ दुखतीय, एवढ्या तक्रारीवर कित्येकींना ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं सांगितलं गेलं होतं. म्हणजे आपण गावात शिरायच्या आधी कॅन्सरची भीती तिथे विकून झालेली असते. अशा ठिकाणी तुम्ही घाबरवणारे फलक घेऊन गेलात तर तुमच्यात आणि ती भीती विकणाऱ्यांत बाईने फरक कसा करायचा? तिला सांगा: पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त गेलं, तर मात्र थांबू नका. हे वाक्य चारचौघांत बोलायची सवय घरी आरशासमोर करून या. मुलग्यांनीही.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या सगळ्या खटाटोपाचं मूळ तिथे आहे आणि आपल्याच लोकांना ते माहीत नसतं. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने तिथले, आणि डॉ. कस्तुरी जयंत यांनी तिची पद्धत बसवली. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून रुग्ण मोजता येतात. खेड्यातला माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता, तर कागद कुठला? मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, सरपंच, मास्तर, घरची माणसं सगळ्यांशी बोलू लागले, कोणती लक्षणं दिसली तर दाखवायचं ते सांगू लागले. गेले होते मोजायला. पण काही वर्षांतच असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्यात. तोवर तिथे सरसकट तपासणीची मोहीम नव्हती. नुसत्या बोलण्याने, पुन्हा पुन्हा त्याच गावी जाण्याने ते घडलं.

पुढे टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत व्हिनेगरची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, काहींत हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, आणि काही गटांत नेहमीची सोय असेल तेवढीच. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने एवढा फरक! जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. पण ज्या गावांना तपासणी दिली नाही त्यांच्याबाबत नैतिकतेचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी कोणाच्या तरी आया होत्या. आज आपण चाचणी करतो, तिच्यामागे त्यांचाही वाटा आहे.

असो. तपासणी झाली, गाडी पुढच्या गावी गेली, आणि एका बाईच्या कागदावर ‘पुढील तपासणी आवश्यक’ असं लिहून आलं. तुमचं खरं काम इथून सुरू होतं, आणि नेमके याच वेळी स्वयंसेवक घरी गेलेले असतात.

कळंबच्या बाजूला एकीला निदान कळलं, उपचार फुकट होतील हेही कळलं, तरी ती निघेना. आमच्यातला एक हुशार मुलगा तिला जगण्याचं महत्त्व सांगत बसला. शेवटी तीच म्हणाली, ‘बाळा, ते समदं खरं हाय, पण माझ्या म्हशीचं दूध कोण काढणार? ती दुसऱ्याला हात लावू देत न्हाई.’ डेअरीचं बिल तिच्या नावावर येत होतं आणि सुनेला म्हैस बुजत होती. मग सून आठवडाभर सासूचं लुगडं नेसून गोठ्यात बसली. म्हैस वठणीवर आली, बाई रुग्णालयात गेली. हसू नका, किंवा हसा. पण अडचण कोणती ते विचारल्याशिवाय समजावायला बसू नका.

तशीच गोष्ट कागदांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, पण रेशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, एकीकडे माहेरचं आडनाव. हे निस्तरायला तलाठ्यापासून सेतू केंद्रापर्यंत कोणीतरी चकरा मारायच्या असतात. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला पाठवायची वेळ आली तर आधी मुक्कामाचं बघा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालय भरून देतं. तो आठवणीने मागावा लागतो.

आणि एक गोष्ट वहीत लिहून घ्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला किरणांचा उपचार, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, तो साधारण पाच आठवडे चालतो आणि त्यानंतर आतून द्यायचा शेक असतो. बऱ्याच जणींचं रक्त जाणं पहिल्या काही दिवसांतच थांबतं. बाईला वाटतं बरी झाले, नवऱ्याला वाटतं खर्च वाचला, आणि दोघं गावी परततात. अर्धवट सोडलेला शेक घात करतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुमचा फोन गेलाच पाहिजे. मात्र नोंदवलेला नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. त्याने उचलला तर आजाराचं नाव काढायचं नाही, ‘शिबिरातल्या बाई बोलतायत, ताईंना द्या’ एवढंच. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, ते तिने ठरवायचं आहे. म्हणूनच फोटोंना माझा विरोध आहे. देणगीदार, टोपलं भरून फळं आणि मधे डोक्याला रुमाल बांधलेली बाई, असा फोटो आमच्या दौऱ्यात निघणार नाही. संयोजकांनी मनाला लावून घेऊ नये.

शेवटचा मुद्दा तारखांचा. दौरा दरवर्षी नोव्हेंबरमध्ये ठेवतात, हवा चांगली असते म्हणून. हवा आपल्याला चांगली असते. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा गाव सोडून कारखान्यांकडे गेलेल्या असतात आणि तपासणीची ज्यांना जास्त गरज आहे त्या बायका फडात कोयता चालवत असतात. त्या परततात उन्हाळ्यात. म्हणून यंदा मी समितीपुढे एप्रिलचा शेवटचा आठवडा मांडला आहे. ऊन लागेल. टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या जाड चादरी ज्याच्या त्याने आणायच्या. नावं त्या कोपऱ्यातल्या टेबलावर घेतायत.